हरणाऱ्याचं अगत्य

सतत हरणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची निकड असते: पैसे आणि कारण. पैशांची सोय कशीही होते. कारण मात्र मिळता मिळत नाही, आणि मिळायला लागलं की एकदम सहा-सात मिळतात, तीही न मागता. दर शुक्रवारी रात्री न्यू जर्सीतल्या एका मराठी बेसमेंटमध्ये पोकर खेळणारा आणि गेले कित्येक महिने नेमाने हरणारा माणूस म्हणून मी हे अधिकाराने सांगतो. पत्त्यांत माझा हात कोणी धरू शकत नाही हे मला पूर्वीपासूनच माहीत होतं. आता कारणांतही कोणी धरू शकणार नाही.

आमचा अड्डा एडिसनच्या जवळपास आहे. बेसमेंटच्या एका भिंतीशी मंडळाच्या गणपतीचं मखर चादर पांघरून उभं असतं. त्याच्या शेजारी ट्रेडमिल, त्याच्यावर वाळत घातलेले टॉवेल. मधोमध घडीचं आठकोनी टेबल, त्यावर हिरवं कापड आणि प्रत्येकापुढे पेला ठेवायला एकेक खळगा. हे टेबल बनवणाऱ्याच्या डोळ्यापुढे त्या खळग्यात व्हिस्की असणार. आमच्यातल्या निम्म्यांचं त्यात ताक असतं. २० डॉलर देऊन चिप्स घ्यायच्या, संपल्या की आणखी २०. बोली पंचवीस आणि पन्नास सेंटपासून सुरू होते. यजमान डावामागे काही कापून घेत नाहीत, त्यामुळे कायद्याची भीती नाही. एका रात्रीत जास्तीत जास्त जेवढं जातं तेवढ्यात इथे सहकुटुंब डोसेसुद्धा होत नाहीत. पण डोशांना पैसे गेल्यावर माणूस रात्री अडीचला छताकडे बघत पडत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात, आणि या सातांतून आपले सर्वांत चांगले पाच धरायचे. दरम्यान चार वेळा बोली होते. बाकी सगळी कला तोंडावरची रेषा न हलू देण्याची. माझ्या तोंडावरची रेषा हलत नाही. आमच्या हिने हे लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, तक्रारीच्या सुरात, मान्य केलेलं आहे.

आता एक डाव सविस्तर सांगतो. हरल्याची गोष्ट ऐकायला पोकरच्या टेबलावर कोणी तयार नसतं. सुरू केली की समोरचा स्वतःची काढतो. वाचकाची तशी सोय नाही.

माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि बदामचा एक्का. दोन एक्के हाती येण्याचा योग सरासरीने २२१ डावांत एकदा. मी चेहरा दगडी ठेवून तीन डॉलर लावले. डॉक्टरांनी पत्ते टाकले. सीएने टाकले. आकडेशास्त्र्यानेही टाकले. हा विमा कंपनीत माणसं कधी मरतील याचा हिशेब करतो, त्यामुळे त्याला कशाचीच घाई नसते. उरले काका. काका म्हणजे यजमानांचे वडील, सहा महिन्यांसाठी मिरजेहून आलेले. हयात तीन पत्ती खेळण्यात गेलेली. त्यांनी आपले पत्ते उचललेसुद्धा नव्हते.

“ब्लाइंड चाल,” काका म्हणाले, आणि तीन पत्तीच्या नियमाप्रमाणे अर्धेच पैसे टाकले. पोकरमध्ये ब्लाइंडला सवलत नाही हे यजमानांनी त्यांना पुन्हा एकदा सांगून उरलेले पैसे टाकायला लावले.

मध्ये तीन पत्ते उघडले: किलवरचा राजा, चौकटची सत्ती, इस्पिकची चव्वी. मी आणखी पाच लावले. काका म्हणाले, “चाल.” चौथा पत्ता बदामचा गुलाम. आता काकांनी आपल्या एका पत्त्याचा कोपरा अंगठ्याने वर केला. सत्ती होती. “एक बरं दिसतंय,” ते म्हणाले. दुसऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे सारल्या.

“किती आहेत ते?”

“सगळे, बाबा.”

“मग घाला.”

पाचवा पत्ता उघडला: चौकटची दुर्री. मी एक्के उलटे केले. काकांनी सत्ती ठेवली, दुसरा पत्ता डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, “दुर्री आहे हो ही. हिचं काही होतं का?”

होतं. सत्त्यांची जोडी आणि दुर्ऱ्यांची जोडी, म्हणजे दोन जोड्या. माझी एक्क्यांची एकच. हे त्यांना चौघांनी एका सुरात समजावून सांगितलं. सत्ती-दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची, ही पोकरमधली सगळ्यांत टाकाऊ सुरुवात समजतात. शहाणा माणूस ती बघताच फेकतो. काकांनी ती बघितलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर तो प्रसंग आला नाही.

पहिलं कारण आकडेशास्त्र्याने जागेवरच दिलं. “शेवटच्या पत्त्याआधी ४४ पत्ते शिल्लक होते. ३९ तुझे, फक्त ५ काकांचे. तू अगदी बरोबर खेळलास.” अभिनंदन म्हणायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मग त्याने व्हेरियन्स समजावला. नशिबाचे चढउतार मोठे असतात, चांगला खेळाडूही लांबच लांब हरत जातो, आणि आपण चांगले की वाईट हे कळायला थोडेथोडके डाव पुरत नाहीत.

“किती लागतात?”

“एक लाख धर.”

आमच्या गप्पा, ताक आणि खालून वर, वरून खाली चालणारी पोरं धरून एका रात्रीत शंभरेक डाव होतात. वर्षाचे पाच हजार. म्हणजे मी चांगला खेळतो की नाही हे २० वर्षांनी कळणार.

त्याच आठवड्यात आईचा पुण्याहून फोन आला. तिने न सांगता पत्रिका दाखवली होती. साडेसाती निघाली. आई घाबरलेली, पण मला एकदम हलकं वाटलं. साडेसाती साडेसातच वर्षांची असते. तिला सुरुवात आहे, मध्य आहे, उतार आहे, आणि संपण्याची तारीख ज्योतिषी कागदावर लिहून देतात. शिवाय दोष कोणाकडे आहे ते स्पष्ट असतं. व्हेरियन्सचं तसं नाही. तो कोणावर रुसत नाही, त्याला तेल वाहता येत नाही, आणि कोणाचा दोष म्हणून विचारलं तर तो म्हणतो, कोणाचाच नाही. हरलेल्या माणसाला इतकं निष्ठुर उत्तर शास्त्रानेच द्यावं. मी ताबडतोब साडेसाती स्वीकारली.

तिसरं कारण मी स्वतः शोधलं. ते पिसण्यात होतं. १९९२ मध्ये डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी सिद्ध केलं की पत्ते नीट मिसळायला सात वेळा पिसावे लागतात, आणि तेही कॅटचे दोन भाग करून, दोन्हींच्या कडा एकमेकांत फडफडत घुसवून. यातला डायकोनिस आधी जादूगार होता, मग गणितात आला, म्हणजे माणूस दोन्ही बाजूंनी माहितीतला. आमचे यजमान पिसतात आपल्याकडच्या पद्धतीने: कॅट डाव्या हातात, उजव्याने गठ्ठे उचलून मागेपुढे टाकायचे. या पद्धतीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. यजमान दोनदा पिसतात आणि तिसऱ्यांदा वहिनींना खाली वडे पाठवायला ओरडतात. तेव्हा मागच्या डावातली माझी दुर्दैवं एकमेकांना चिकटलेलीच पुढच्या डावात येत होती, हे उघड होतं.

मी सात वेळा पिसण्याचा ठराव मांडला. तो मंजूर झाला, कारण त्या रात्री मी त्याआधीच तिसऱ्यांदा २० डॉलर काढले होते आणि माझं मन मोडण्याची कोणाची इच्छा नव्हती. पण सात वेळा पिसण्यात वेळ गेला आणि रात्रीचे डाव शंभरावरून सत्तरावर आले. आकडेशास्त्र्याने पेन काढून सांगितलं की आता एक लाख डावांना २० नाही, साडेअठ्ठावीस वर्षं लागतील. पुढच्या शुक्रवारी ठराव मी मागे घेतला.

डॉक्टरांचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते मला टिल्ट झाला होता. एक मोठा डाव हातचा गेला की माणूस चिडतो, आणि चिडला की ते पैसे त्याच रात्री वसूल करायला निघतो. कोणत्याही दोन पत्त्यांवर बोली वाढवतो, कोणीही धाक दाखवला की “बघूच काय आहे तुझ्याकडे” म्हणतो. उपाय: उठायचं, दहा मिनिटं चालायचं, पाणी प्यायचं, रात्री सात तास झोपायचं. मी म्हटलं, मी अजिबात चिडत नाही. डॉक्टरांनी माझ्या मनगटाकडे बोट केलं. माझ्या घड्याळावर प्रश्न आला होता: तुम्ही व्यायाम सुरू केला आहे का? मी खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या हातात राजाची जोडी होती. घड्याळात बिघाड असावा.

सीएला कारणात रस नव्हता. त्याला हिशेबात होता. त्याचं दैवत ख्रिस मनीमेकर. हा टेनेसीचा अकाउंटंट २००३ मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून पोकरच्या जागतिक मालिकेत शिरला आणि तिथल्या मुख्य स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकून बाहेर पडला. तेव्हापासून जगातला प्रत्येक हिशेबनीस स्वतःला एका स्पर्धेच्या अंतरावर समजतो. मनीमेकर हे त्याचं खरं आडनाव आहे. आमच्या टेबलावर दोन कुलकर्णी आहेत, आणि त्या आडनावात दुसऱ्याच्या जमिनीची नोंद ठेवण्यापलीकडे कसलंही आश्वासन नाही.

“माझं हरणं करात कुठे दाखवता येईल?” मी त्याला विचारलं.

“कुठेच नाही. हरलेलं फक्त जिंकलेल्यातून वजा होतं. आणि २०२६ पासून तेही नव्वद टक्केच.”

म्हणजे एखादा वर्षभरात एक लाख डॉलर जिंकला आणि एक लाख हरला, तर त्याच्या खिशात शून्य, पण दहा हजारांवर कर लागू शकतो.

“आणि जो जिंकलाच नाही?”

“त्याचं वजा करायला काही नाही. सरकारच्या दृष्टीने तू खेळलाच नाहीस.”

या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला हा सर्वांत मोठा दिलासा. घरी मात्र सरकारचा दृष्टिकोन चालत नाही. खातं आमचं दोघांचं आहे. मी यजमानांना पैसे पाठवले की हिच्या फोनवर टिंग होतं, आणि पैसे कशासाठी या रकान्यात मी घातलेला शब्द तिला दिसतो. मी पूर्वी ‘भाजी’ लिहायचो. एका शुक्रवारी मध्यरात्रीच्या आत तीनदा भाजी घेतली गेली तेव्हा तिने एवढंच विचारलं की उद्या एवढ्या भाजीचं करायचं काय.

माणूस अशा वेळी पूर्वजांकडे वळतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. फाशांत सगळं घालवलेल्या माणसाची ती कैफियत आहे. सासू द्वेष करते, बायको दारातून हाकलते, कर्जबाजारी अवस्थेत कोणी ओळख दाखवत नाही, आणि तरी फासे खुळखुळले की याचे पाय तिकडे वळतात. शेवटी फासे सोड, शेती कर असा उपदेश आहे. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. हरल्याची गोष्ट सगळेच सांगतात, पण लोकांनी ती तीन हजार वर्षं एक स्वर न चुकवता पाठ करून ठेवली, असा तोच एकटा. माझी गोष्ट डॉक्टर पहिल्या तीन पत्त्यांच्या पुढे ऐकत नाहीत. सासूबाईंच्या बाबतीतही तो सुखी. माझ्या सासूबाई द्वेष करत नाहीत, शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल करून चौकशी करतात. द्वेष परवडला.

खरं कारण मला महाभारतात सापडलं. नळराजा पुष्कराशी द्यूत खेळला आणि महिनोन्‌महिने हरत राहिला, राज्यासकट. का? त्याच्या अंगात कली शिरला म्हणून. कली का शिरला? तो बारा वर्षं संधी शोधत होता आणि एका संध्याकाळी ती मिळाली: नळाने लघुशंकेनंतर आचमन केलं, पण पाय न धुता संध्येला बसला. बस. एवढंच. इतकं नेमकं, इतकं स्वस्त आणि इतकं सहज सुधारता येणारं कारण मला आकडेशास्त्र्याने द्यायला हवं होतं.

पुढे नळाला ऋतुपर्ण राजा भेटला. त्याने रथात बसल्या बसल्या बेहड्याच्या झाडावरची पानं आणि फळं किती ते अंदाजाने सांगितलं. नळाने रथ थांबवून ती मोजली, तर आकडा बरोबर. मग नळाने त्याच्याकडून फाशांची विद्या घेतली, बदल्यात घोड्यांची दिली, कली बाहेर पडला आणि राज्य परत मिळालं. हीच कथा वनवासात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला सांगितली आणि फाशांची विद्याही दिली. युधिष्ठिराने ती अंगी बाणवली आणि अज्ञातवासात विराटाच्या दरबारी कंक नावाने द्यूत खेळायची नोकरी धरली. इथपर्यंत शिकवणीचा महिमा. पण तिथे बोलता बोलता राजाला राग आला, त्याने फासा फेकून मारला, आणि विद्या शिकलेल्या युधिष्ठिराला तो लागला नाकावर. म्हणून मी विद्येच्या भानगडीत पडलो नाही. पाय धुण्यापाशी थांबलो.

तेव्हापासून शुक्रवारी निघण्याआधी मी न चुकता पाय धुतो. “पाय बाहेरून आल्यावर धुतात,” ही म्हणाली. “जाताना नाही.” पण लादी कोरडी ठेवण्याच्या अटीवर तिने हरकत घेतली नाही. त्या रात्री मला एक्का-राजा दोनदा आले, राणीची जोडी आली, आणि एकदा तर पुन्हा दोन एक्के. नळाचा उपाय लागू पडला होता. अडचण एवढीच की चांगले पत्ते आले की बाकी सगळे भराभर पत्ते टाकून मोकळे व्हायचे, आणि माझ्या वाट्याला पाऊण डॉलर यायचा. उलट मी हातात काही नसताना दामटून बोली लावली की तिघे-तिघे पुढे यायचे.

भारतात परतायच्या आदल्या शुक्रवारी काकांनी मला जिन्यापाशी गाठलं. “पोरा, एक सांगू का? तुझ्याकडे चांगले पत्ते आले की टेबल हलतं.”

“म्हणजे?”

“पाय हलतो तुझा. ताकाच्या पेल्यात लाटा येतात. मग ही मंडळी पेल्याकडे बघून पत्ते टाकतात.”

“मग तुम्ही का नाही टाकलेत त्या दिवशी?”

“मी ताक घेत नाही रे. गार पडतं मला.”

वडीलधारी माणसं आहेत, त्यांना काय बोलणार. मी दुसऱ्या दिवशी यजमानांना फोन करून टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा लावायला सांगितला. घडीची टेबलं कच्चीच असतात.

हे सगळं असलं तरी, पडत्या काळात माणसं ओळखता येतात म्हणतात ते खरं आहे. मला इतकी माया पूर्वी कधी मिळाली नव्हती. जिंकायचो तेव्हा वहिनी वडे फिरवत आणायच्या आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर ताटलीत चटणी उरायची. आता पहिली ताटली माझ्यापुढे येते. सीए मला घ्यायला येतो आणि घरी सोडतो. यजमानांनी मखराकडे पाठ असलेली माझी खुर्ची बदलून उशीवाली दिली. एकदा मी सहज म्हटलं, काही शुक्रवार विश्रांती घेतो, साडेसाती उतरू दे. डॉक्टर, ज्यांनी मला झोप आणि पाणी सांगितलं होतं, तेच म्हणाले की एकदम सोडणं प्रकृतीला बरं नाही. त्यांच्या पायांत नवे गोल्फचे बूट होते. बेसमेंटमध्ये पैसा तयार होत नाही, तो फक्त जागा बदलतो, हे तत्त्व त्या बुटांकडे बघताना मला स्पष्ट दिसलं. यजमान कापून घेत नसल्यामुळे माझा सेंट न् सेंट मित्रांनाच पोचतो, बाहेर कुठे जात नाही. अटलांटिक सिटीला जाऊन कॅसिनोला देण्यापेक्षा हे बरं.

आता माझी कीर्ती टाउनशिपच्या बाहेर गेली आहे. परवा पलीकडच्या गावातून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. आमच्या सीएकडून नंबर मिळाला म्हणाले. शनिवारी त्यांच्याकडे पोकर असतो, सगळी आपलीच माणसं, जेवण घरचं, पुरणपोळीसुद्धा करू म्हणाले, फक्त या. कोणा खेळाडूला इतक्या अगत्याने बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही. आपल्या खेळाची कदर करणारे रसिक असतात, ते असे अचानक भेटतात.

“एकच आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे पोकरचं टेबल नाही. काचेचं डायनिंग टेबल आहे. चालेल ना?”

चालेल म्हणजे काय! काच जड असते, हलायचा प्रश्नच नाही. आणि पाय मी धुवूनच जाणार आहे. दिसले तर दिसले.